सात आणि बारा यांच्यामधली रेघ

सातबारा हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की ते मुळात दोन कागद आहेत हे लक्षातच राहत नाही. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाच्या नावावर आहे. गाव नमुना बारा सांगतो तिच्यात कोणतं पीक उभं आहे. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांवर बाराच्या बाजूला प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नावही असे. बहुतेक शेतांत सातवरचा माणूस आणि बारावरचा माणूस एकच. जिथे तो एक नसतो, तिथे त्या दोन आकड्यांमधल्या तिरक्या रेघेवर दोन-दोन पिढ्या भांडत बसतात. जमीन नावाची की वहिवाटीची?

पारावर, एसटी स्टँडवर, तहसील कचेरीच्या व्हरांड्यात याचं उत्तर ठरलेलं असतं: बारा वर्षं कसली की जमीन आपली. एक तप झालं, विषय संपला. याच धास्तीने शहरातला घरमालक भाडेकरूशी अकराच महिन्यांचा करार करतो. दोन्ही समजुती कच्च्या आहेत. अकरा महिन्यांचा बारा वर्षांशी काडीचा संबंध नाही. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, ती नोंदणी टाळण्यासाठी अकराची टूम निघाली. आणि महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तीही पळवाट उरलेली नाही, लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच हवा. भाडेकरू पन्नास वर्षं राहिला तरी तो मालकाच्या परवानगीने राहतो. परवानगीचा ताबा कितीही पिकला तरी त्याची मालकी होत नाही.

मग बारा वर्षांची गोष्ट आली कुठून? ती १९६३ च्या मुदत कायद्यात आहे. त्याच्या अनुसूचीतला ६५ वा अनुच्छेद म्हणतो की मालकी हक्कावर आधारलेला ताब्याचा दावा, समोरच्याचा ताबा ‘प्रतिकूल’ झाल्यापासून बारा वर्षांत लावला पाहिजे. जमीन सरकारची असेल तर ११२ व्या अनुच्छेदाने ही मुदत तीस वर्षं. आणि खरी मेख २७ व्या कलमात आहे. एरवी मुदत टळली की माणसाला कोर्टात जाता येत नाही एवढंच; उसने दिलेले पैसे बुडाले तरी देणं नैतिकदृष्ट्या उरतंच. जमिनीच्या बाबतीत मात्र मुदत टळल्यावर हक्कच विझतो. मालक मालक राहत नाही. खरेदीखत नाही, मोबदला नाही, मृत्युपत्र नाही; नुसता काळ सरला आणि जमीन हातची गेली.

ही कल्पना इंग्रजांनी आणली असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. याज्ञवल्क्यस्मृतीत डोळ्यांदेखत दुसरा जमीन उपभोगत असताना गप्प बसणाऱ्या मालकाला वीस वर्षांची मर्यादा सांगितली आहे, जंगम मालाला दहा. पण लगेच पुढे अपवादही आहेत: गहाण टाकलेली वस्तू, हद्द, ठेव, अजाण मुलाचं धन, स्त्रीधन, राजाचं धन. त्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात बसून विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली तेव्हा त्याने आणखी मुरड घातली. त्याच्या मते अशा गप्प मालकाचं उत्पन्न बुडतं, जमीन बुडत नाही. हे कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून. या वादात आपल्या मातीचाही एक आवाज आहे, म्हणून हे सांगितलं. आणि त्या जुन्या सूत्रातली एक अट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: मालक बघत असला पाहिजे आणि बघूनही बोलत नसला पाहिजे. पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेने मालक म्हणून तीस वर्षांचा अखंड ताबा हा मालकीचा पुरावा मानला. १८५९ च्या मुदत कायद्याने सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात स्थावराच्या दाव्याला बारा वर्षांची मर्यादा आणली आणि १८७१ पासून मुदतीबरोबर हक्कही संपू लागला. १९०८ च्या कायद्यात सरकारसाठी साठ वर्षं होती, ती १९६३ मध्ये तीसवर आली. पण १९६३ चा मोठा बदल वेगळाच होता आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. जुन्या कायद्याखाली हुसकावलेल्या मालकाला सिद्ध करावं लागे की गेल्या बारा वर्षांत कधीतरी ताबा माझ्याकडे होता. नव्या कायद्याने ओझं फिरवलं. मालकाने मालकी दाखवायची; ताबा प्रतिकूल होता आणि तो बारा वर्षं टिकला, हे कब्जेदाराने सिद्ध करायचं. सुधारणेची मोजदाद करायची तर ती इथून करावी लागेल.

सिद्ध करायचं म्हणजे काय? ताबा उघड हवा, चोरून नाही. अखंड हवा. बळजबरीने टिकवलेला नको आणि कोणाच्या मेहेरबानीचाही नको. शिवाय कब्जेदाराच्या मनात मालकाविरुद्ध मालकी गाजवण्याचा हेतू हवा. खरी गंमत या शेवटच्या अटीत आहे. २००४ मध्ये कर्नाटक वक्फ मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ‘जमीन माझीच आहे’ आणि ‘जमीन दुसऱ्याची होती पण मी बारा वर्षं दाबून धरली’ ही दोन म्हणणी एकत्र नांदू शकत नाहीत. तर्काला ते पटतं. पण बांधावर त्याचा परिणाम उफराटा होतो. हद्द चुकली आहे हे ज्याला ठाऊकच नव्हतं, जो शेजारच्या चार गुंठ्यांत आपलेच म्हणून तीस वर्षं घाम गाळत राहिला, तो कोर्टात हरतो. कारण त्याच्या मनात वैर नव्हतं. जमीन दुसऱ्याची आहे हे पुरतं ओळखून ज्याने ती घशात घातली, तो जिंकू शकतो. प्रामाणिकपणाला शिक्षा आणि लबाडीला बक्षीस देणारा दुसरा नियम दिवाणी कायद्यात शोधून सापडायचा नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण आपल्याकडे टोमणा म्हणून वापरतात. इथे ती कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली आहे.

न्यायाधीशांनाही हे टोचत आलं आहे. २००८ मध्ये गुजरातमधल्या एका खटल्यात न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांच्या खंडपीठाने हा कायदा अतार्किक आणि प्रमाणाबाहेर जाणारा असल्याचं म्हटलं आणि केंद्र सरकारने त्याचा नव्याने विचार करावा अशी शिफारस केली. भंडारी पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, पण त्याआधी २०११ मध्ये त्यांच्यासमोर हरियाणाचा खटला आला, आणि तो तर विनोदी कादंबरीत शोभावा असा. खासगी माणसाच्या जमिनीच्या तुकड्यावर प्रतिकूल कब्जाने मालकी सांगत होतं कोण, तर राज्य सरकार, गुरगावच्या पोलीस अधीक्षकामार्फत. ज्यांनी अतिक्रमण हटवायचं, तेच अतिक्रमणाच्या जोरावर मालकी मागायला आलेले. न्यायालयाने दावा फेटाळला आणि संसदेला सुचवलं की कायदा रद्द करा. ठेवायचाच असेल तर मुदत तीस ते पन्नास वर्षांची करा आणि बदहेतूने घेतलेल्या ताब्याला थारा देऊ नका.

२०२० च्या जानेवारीतला हिमाचल प्रदेशचा खटला वाचताना मात्र हसू येत नाही. १९६७-६८ मध्ये राज्याने रस्त्यासाठी एका निरक्षर स्त्रीची जमीन घेतली. भूसंपादन नाही, नोटीस नाही, मोबदला नाही. ती ऐंशीच्या घरात पोचली तेव्हा राज्य कोर्टात म्हणालं, आमचा कब्जा इतका जुना आहे की जमीन आता आमचीच. सर्वोच्च न्यायालयाने कल्याणकारी राज्याला असा बचाव घेताच येणार नाही असं बजावून तिला मोबदला देववला. आपल्याकडेही याची भावंडं आहेत. औद्योगिक वसाहतीसाठी १९६४ मध्ये अधिसूचना निघालेल्या जमिनीचा मोबदला २०१२ उजाडला तरी न मिळालेले महाराष्ट्रातले शेतकरी सर्वोच्च न्यायालयात पोचले होते. तिथे सरकारी बाजूची ढाल होती ‘तुम्ही फार उशीर केलात’ ही. ती ढालही टिकली नाही. आपल्या शेतातून रस्ता गेला आणि सातबारावरून क्षेत्र मात्र वजा झालं नाही, असे खातेदार प्रत्येक तालुक्यात सापडतील. तरीही आजच्या मुदत कायद्यात ‘राज्याला प्रतिकूल कब्जाचा आधार घेता येणार नाही’ असं एक साधं वाक्य नाही. ते दरवेळी न्यायालयाला नव्याने सांगावं लागतं. सुधारणेची यादी कोणी माझ्याकडे मागितली, तर हे वाक्य पहिलं.

टीका होत असतानाच न्यायालयाने २०१९ मध्ये या कायद्याला धार लावून दिली, हाही योगायोग पाहण्यासारखा. तोवर २०१३ च्या एका निकालानुसार प्रतिकूल कब्जा ही फक्त ढाल होती. मालकाने दावा लावला तर बचावात ती पुढे करायची, स्वतः दावा लावून मालकी मागायची नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की बारा वर्षं पुरी झाली की कब्जेदाराचा हक्क पक्का होतो, आणि हक्क पक्का असेल तर तो तलवारीसारखाही वापरता येतो. २७ व्या कलमाचा अर्थ पाहता निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. त्याच निकालात सार्वजनिक उपयोगाच्या जमिनींवर असा हक्क निर्माण होऊ नये असंही पीठाने सुचवलं. सूचना अजून कागदावरच आहे.

इंग्लंडने काय केलं ते पाहण्याजोगं आहे, कारण आपला नियम त्यांच्याच घडणीचा. बर्कशरमध्ये पाय नावाच्या बांधकाम कंपनीची सुमारे तेवीस हेक्टर जमीन शेजारच्या शेतकऱ्याला गुरं चारायला दिली होती. करार १९८३ च्या अखेरीस संपला, गुरं चरतच राहिली, कंपनी स्वस्थ बसली. २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने जमीन शेतकऱ्याच्या पदरात टाकली. कंपनी स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेली. तिथे २००५ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी जिंकली आणि २००७ मध्ये मोठ्या पीठासमोर दहा विरुद्ध सात मतांनी हरली. युरोपातल्या जाणत्या न्यायाधीशांचंही या प्रश्नावर एकमत होत नाही, याचा याहून चांगला दाखला नाही.

पण तोवर इंग्लंडने कायदाच बदलला होता. ऑक्टोबर २००३ पासून लागू झालेल्या जमीन नोंदणी कायद्यात नोंदणीकृत जमिनीवर नुसता काळ लोटून मालकी जात नाही. कब्जेदाराने दहा वर्षांनंतर नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करायचा. कार्यालय मालकाला नोटीस पाठवतं. मालकाने हरकत घेतली की, हद्दीची प्रामाणिक चूक असे काही मोजके अपवाद सोडले, तर अर्ज फेटाळला जातो आणि मालकाला जमीन सोडवून घ्यायला दोन वर्षं मिळतात. दोन वर्षांतही तो हलला नाही, तरच जमीन जाते. म्हणजे मालकाला आधी सांगायचं, मग त्याच्या मौनाचा अर्थ लावायचा. याज्ञवल्क्याच्या सूत्रातला बघूनही न बोलणारा मालक इथे लंडनच्या पोस्टाने परत आला. शिवाय प्रामाणिक चुकीला अपवाद ठेवून त्यांनी आपल्याकडची उफराटी गोष्टही सुलट केली.

भारतात २००८ च्या शिफारशीनंतर प्रश्न विधी आयोगाकडे गेला आणि तिथे पंधरा वर्षं राहिला. बारा वर्षांत जमीन जाते, पंधरा वर्षांत अहवाल येतो. मे २०२३ मध्ये न्यायमूर्ती ऋतुराज अवस्थी यांच्या अध्यक्षतेखालच्या बाविसाव्या विधी आयोगाने आपला २८० वा अहवाल दिला. शिफारस काय, तर काहीही बदलू नका. मुदत वाढवण्याचंसुद्धा कारण आयोगाला दिसलं नाही. जो मालक एक तप आपल्या जमिनीकडे फिरकत नाही त्याची बाजू कायद्याने किती घ्यायची, आणि जुने वाद कधीतरी मिटले पाहिजेत की नाही, हा आयोगाचा धागा. आयोगाच्या दोन पदसिद्ध सदस्यांनी, म्हणजे कायदा खात्याच्या सचिवांनीच, भिन्नमत नोंदवलं: हा कायदा खोट्या दाव्यांना खतपाणी घालतो, तो पुस्तकातून काढून टाका. एकीकडे ‘जसं आहे तसं’, दुसरीकडे ‘मुळासकट उपटा’. मधली वाट कोणी धरली नाही, आणि माझ्या मते प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

ते का, हे दिल्लीपेक्षा महाराष्ट्राच्या बांधावर चांगलं कळतं. १९४७ च्या तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायद्याखाली आपल्याकडे एकत्रीकरण योजना राबवली गेली. विखुरलेले तुकडे जुळवून गट पाडायचे, हेतू चांगला. पण कित्येक गावांत अदलाबदल कागदावर झाली आणि माणसं जुन्याच जमिनी कसत राहिली. एकाच्या गटात दुसऱ्याची विहीर, दुसऱ्याच्या गटात पहिल्याचा गोठा. पहिली पिढी होती तोवर सगळ्यांना ठाऊक होतं काय कोणाचं. तिसऱ्या पिढीत नातू कर्ज काढायला बँकेत जातो, मोजणी होते, आणि मोजणीदाराची साखळी शेजाऱ्याच्या उभ्या उसातून जाते. मग भाऊबंदकी आणि कोर्ट.

यावर महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. एकमेकांच्या नावावरची शेतजमीन एकमेकांच्या ताब्यात निदान बारा वर्षं असेल, तर तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात आणि अदलाबदलीचा दस्त नाममात्र खर्चात होतो: हजार रुपये मुद्रांक शुल्क, हजार रुपये नोंदणी फी. ‘प्रतिकूल’ हा शब्दही न वापरता या योजनेने बारा वर्षांच्या ताब्याला मान दिला, आणि तोही दोन्ही बाजूंच्या सहीने. कोणी हरलं नाही. मर्यादा उघड आहेत. दोघेही राजी हवेत आणि देवाणघेवाण दुतर्फी हवी. एकतर्फी ताब्याला सलोखा लागू नाही. तरी ताबा आणि नोंद यांचा सांधा जुळवण्याचा इतका साधा प्रयत्न देशात क्वचित झाला असेल. विधी आयोगाचा अहवाल वाचण्याआधी कोणी या योजनेचे पंचनामे वाचायला हवे होते.

आता दुसरी टोकं पाहा. कोकणातला चाकरमानी. गिरणीत, गोदीत, बँकेत नोकरीला गेला, गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो. सातबारावर तीस-चाळीस सामाईक नावं, त्यातली निम्मी स्वर्गवासी. आमच्या आजोळच्या कलमांच्या बागेचा जांभ्या दगडाचा गडगा दर पावसाळ्यानंतर थोडा आत सरकलेला असे, आणि दर मे महिन्यात आम्ही मुलं तो मोजायचो; मोठी माणसं म्हणायची, पडला असेल, पुन्हा रचला असेल. हा मालक बेफिकीर नाही, तो पोटासाठी लांब आहे. त्याला आणि जमीन अडवून ठेवणाऱ्या कंपनीला एकाच तागडीत तोलणारा नियम गरिबाच्या बाजूचा कसा म्हणायचा?

बहिणींची गोष्ट वेगळी. सामाईक मालकीत एका भावाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ पासून सांगितलं आहे. बहिणीला उघडपणे ‘तुझा इथे हक्क नाही’ असं सांगून हुसकावल्याशिवाय तिच्याविरुद्ध बारा वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही. ही ढाल भक्कम आहे. म्हणूनच घरोघरी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई असते. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या खटल्यात, बहिणीच्या घरात सांभाळायला म्हणून राहिलेल्या भावाने ताब्यावर हक्क सांगितला तेव्हा, २०१२ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की राखणदार, नोकर, सांभाळणारा नातेवाईक यांना कितीही वर्षं राहिलं तरी हक्क मिळत नाही. पुण्या-मुंबईत फ्लॅट बंद ठेवून परदेशी गेलेल्यांनी हा निकाल ऐकला तर रात्री बरी झोप लागेल.

आदिवासींच्या जमिनीला आणखी वेगळं कुंपण आहे. महाराष्ट्रात १९५७ ते १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी १९७४ चा कायदा झाला. ओडिशातल्या एका प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की जी जमीन बिगरआदिवासीला विकतच घेता येत नाही, ती त्याला कब्जानेही मिळवता येणार नाही. उलट दिशेने २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क दिला. ज्याला वनखातं अतिक्रमण म्हणत होतं, त्याला कायद्याने ऐतिहासिक अन्यायाची दुरुस्ती म्हटलं. शब्द कोणाच्या हातात आहे यावर ताब्याचं नाव ठरतं.

हेच गायरानांचं. मराठवाड्यातल्या गावोगावच्या गायरानांवर दलित भूमिहीनांनी नांगर धरला तो हौसेने नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि मग १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी होती पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तीन दशकं उलटूनही अनेकांच्या हातात दंडाच्या पावत्या आहेत, सातबारा नाही. त्यातही कडू विनोद असा की दंडाची पावती हाच त्यांच्या ताब्याचा सर्वांत भक्कम पुरावा. दुसऱ्या बाजूने, २०११ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून सगळ्या राज्यांना सांगितलं, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरची दोन लाखांहून अधिक अतिक्रमणं काढायला मुदत घालून दिली तेव्हा गावंच्या गावं हादरली. धनदांडग्याचा पेट्रोल पंप आणि भूमिहीनाची ज्वारी, दोन्ही एकाच नोंदवहीत ‘अतिक्रमण’ या एकाच रकान्यात.

मुंबईच्या झोपडपट्टीत मुदत कायद्याची तीस वर्षं कोणी मोजत नाही. तिथे निवडणुका मोजतात. संरक्षणाची तारीख १ जानेवारी १९९५ होती, ती २००० झाली, नंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर देण्याची सोय आली. १९८५ च्या ऑल्गा टेलिस निकालाने पदपथावरच्या माणसाच्या उपजीविकेला जगण्याच्या हक्कात जागा दिली. २००० मध्ये अल्मित्रा पटेल खटल्यात त्याच न्यायालयाने फुकट घर देणं म्हणजे खिसेकापूला बक्षीस असं सुनावलं. दोन्ही विधानं आजही कायद्यात आहेत. खासगी जमीन कॅलेंडरने जाते, सरकारी जमीन मतपेटीने.

वक्फ जमिनींची गोष्ट अलीकडेच उलटली. १९९५ च्या वक्फ कायद्याचं १०७ वं कलम म्हणत होतं की वक्फाच्या स्थावराच्या ताब्याच्या दाव्याला मुदतीचं बंधन नाही. २०२५ च्या दुरुस्तीने ती सूट काढून टाकली, आणि वक्फाला आता इतरांसारखीच बारा वर्षं. समानतेच्या नावाखाली हे झालं. पण जो नियम सर्वोच्च न्यायालय अतार्किक म्हणतं आणि खुद्द कायदा सचिव रद्द करा म्हणतात, त्याचा आवाका त्याच काळात वाढवायचा यातली विसंगती कोणाला खटकलेली दिसली नाही.

मग हा नियम सरळ काढून का टाकू नये? कारण आपल्या देशात मालकी सिद्ध करणारा कागदच नाही. नोंदणी कायदा दस्त नोंदवतो, मालकी नाही. सातबारावरची नोंद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाप्रमाणे खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी १९८९ मध्येच सरकारला अहवाल देऊन सांगितलं होतं की ही अनुमानाची मालकी सोडा आणि राज्याने हमी दिलेली मालकी आणा. ऑस्ट्रेलियात टॉरेन्सने १८५८ मध्ये आणली तशी. जिथे नोंदवही हीच मालकी असते, तिथे ताब्याने मालकी मिळवण्याचं कारण उरत नाही. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने असा कायदा केला आणि तो निवडणुकीचा मुद्दा झाला. शेतकऱ्यांना भीती वाटली की कोर्टाऐवजी अधिकारी जमीन ठरवणार. २०२४ मध्ये सत्ता बदलताच कायदा रद्द झाला. भीती अनाठायी म्हणता येत नाही. गोव्यात २०२२ मध्ये जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं, तिथे ताब्याने नव्हे तर बनावट कागदांनी जमिनी गेल्या होत्या. परदेशी गेलेल्या मालकांची घरं जागच्या जागी उभी, दस्तात मात्र नाव भलत्याचं. कागदही खोटं बोलतो, तेव्हा निदान ताबा साक्षीला असतो.

म्हणून माझा कौल असा. बारा वर्षांचा आकडा वाढवून वीस किंवा तीस केल्याने काही साधणार नाही; लबाड थोडा जास्त थांबेल इतकंच. बदलायचा तो घड्याळाचा काटा सुरू होण्याचा क्षण. मालकाला नोटीस मिळाली त्या दिवसापासून मुदत मोजा, आणि नोटीस कब्जेदाराने नव्हे, महसूल खात्याने द्यावी. त्यासाठी नवं खातं नको. शेतात मालकाखेरीज दुसरा कोणी कसत असल्याचं पीक पाहणीत आढळलं तर तहसीलदाराने चौकशी करायची, अशी तरतूद आपल्या नियमांत जुनीच आहे. ती बहुतेक झोपलेली असते. २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीत खातेदारच मोबाइलवरून आपलं पीक नोंदवतो. सोय झाली, पण बारा हा साताचा प्रतिध्वनी होऊन बसला, आणि प्रत्यक्ष कोण कसतं हे सांगणारा शेवटचा स्वतंत्र डोळा मिटत चालला आहे. ती पाहणी पुन्हा डोळसपणे करा, आढळलेला फरक खातेदाराला कळवा, आणि त्यानंतरही तो गप्प बसला तर बारा वर्षं पुष्कळ झाली. हद्दीच्या प्रामाणिक चुकीला इंग्लंडसारखा आधार द्या. राज्य आणि त्याची महामंडळं यांना हा दावा कायम बंद करा. गायरान आणि झोपडी यांचा प्रश्न मात्र इथे सुटणार नाही. तो जमीन वाटपाचा आहे, मुदतीचा नाही, आणि भूमिहीनाला तीस वर्षं चोरासारखं राहून सिद्ध करायला लावणं ही त्याची रीत असू शकत नाही.

विधी आयोगाचा अहवाल धूळ खातो आहे आणि संसदेसमोर विधेयक नाही, तेव्हा वाचकांनी आपल्यापुरतं एक करावं. यंदा गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाल तेव्हा उतारा काढून सातवरची नावं मोजा, मेलेल्यांचे वारस लावून घ्या, आणि शेतात जाऊन बांध पाहा. दुसरं कोणी कसत असेल तर त्याच्याशी आधी बोला. मागचे हिशेब चहावर मिटत असतील आणि ताबा दुतर्फी असेल तर सलोख्याचा अर्ज करा. मिटत नसतील तर लेखी नोटीस द्या आणि दावा बारा वर्षं पुरी व्हायच्या आत लावा, कारण नुसत्या नोटिशीने आजच्या कायद्यात घड्याळ थांबत नाही.